गोटी आणि तांब्याभर पाणी

शुद्धलेखन चुकलं असेल तर सांभाळून घ्या. आठवीत पाटी सुटली आणि हातात थापी आली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत. मोठं काही सांगायचं नाही. एका कोब्याची गोष्ट आहे.

“डांबर का नाही घातलंस?”

कासम वस्तादांनी सायकल स्टँडला लावता लावताच विचारलं.

लिंबाजी या प्रश्नाची सकाळपासून वाट बघत होता. “गाड्या धुवायची जागा आहे, वस्ताद. ऑइल सांडणार, डिझेल सांडणार. डांबर त्यात मऊ पडतं.”

“मग ब्लॉक? हल्ली जो तो ब्लॉकच बसवतोय.”

“फवाऱ्याचा जोर बसला की सांध्यातली वाळू निघून जाते. मग ब्लॉक म्हाताऱ्याच्या दातांसारखे हलायला लागतात.”

“माझ्या दातांसारखे म्हण की.”

लिंबाजीनं जीभ चावली. वस्ताद मात्र खूश दिसले.

“म्हणून कोबा?”

“म्हणून कोबा. खाली खडी ठोकून, मध्ये लोखंडाची जाळी, वर सहा इंच काँक्रीट.”

“बरं...”

अकरा वर्षं लिंबाजी कासम वस्तादांच्या हाताखाली होता. स्वतःच्या नावावर घेतलेलं हे त्याचं पहिलं काम. जत रस्त्यावर शेवंताअक्का वॉशिंग सेंटर काढत होत्या. दसऱ्याला उद्घाटन, अजून वीस दिवस होते.

वस्तादांकडे भिंतीचा सरळपणा बघायचा, दोरीला टांगलेला पितळेचा एक जड ओळंबा होता. त्यांच्या वडिलांचा. ते म्हणायचे, “ज्या दिवशी हा तुझ्या हातात द्यावासा वाटेल, त्या दिवशी तू मिस्त्री.”

आज सायकलच्या हँडलला एक कापडी पिशवी होती. तिच्यात काहीतरी जड होतं. लिंबाजीनं आल्या आल्या आधी तीच बघितली होती. 

“लेव्हल?” वस्तादांनी विचारलं.

लिंबाजीनं खिशातून काचेची गोटी काढली. शिकाऊ असताना त्यानं एका बंगल्याचा हॉल केला होता. वस्तादांनी त्यात गोटी ठेवली आणि ती हळूच घरंगळत भिंतीला टेकली. अर्ध्या सुताचा, म्हणजे इंचाच्या सोळाव्या भागाचा फरक होता. वस्तादांनी सगळा हॉल उखडायला लावला होता. तीच ही गोटी.

त्यानं ती कोब्याच्या मधोमध ठेवली.

गोटी हलली नाही.

त्यानं ती उचलून चारी कोपऱ्यांत ठेवून दाखवली. कुठंच हलली नाही.

“साठ फूट बाय चाळीस फूट, वस्ताद! एका सुताचा फरक काढून दाखवा!”

वस्तादांनी खाली बसून कोब्यावरून तळवा फिरवला. घोटून घोटून आरशासारखा केला होता.

“हात बसलाय तुझा,” ते म्हणाले. “अक्का, तांब्याभर पाणी द्या.”

शेवंताअक्कांनी कडेच्या नळावरून पाणी आणून दिलं. वस्तादांना तहान लागली असेल, असं दोघांना वाटलं.

वस्तादांनी ते कोब्यावर ओतलं.

पाणी परातीएवढं पसरलं आणि थांबलं.

“बघा!” लिंबाजी ओरडलाच. “पाणीसुद्धा हलेना!”

वस्तादांनी चपला काढल्या. पायजमा घोट्याच्या वर ओढला आणि ते त्या पाण्यात जाऊन उभे राहिले.

“वस्ताद... काय करताय?”

“थांबलोय.”

“कशासाठी?”

“हे जाईपर्यंत.”

लिंबाजी हसला. मग हसणं अर्धवट राहिलं.

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. पाणी तिथंच. वस्तादही तिथंच.

“पाय धुऊन झाले असतील तर चहा घ्या, वस्ताद,” अक्का म्हणाल्या.

“झाले नाहीत, अक्का. पाणी अजून इथंच आहे.”

“वायपरनं ढकलायचं की...” लिंबाजी पुटपुटला.

वस्तादांनी खाली पाण्याकडे बघितलं. पायाची बोटं तेवढी हलवली. पाण्यात चिखलाचा एक धागा उठला आणि फिरून तिथंच बसला.

लिंबाजीनं कोपऱ्यातल्या मोरीकडे पाहिलं. मोरी त्यानंच बांधली होती, वर लोखंडी झाकण बसवलं होतं. ती कोरडी ठणठणीत होती. मग त्याला दिसायला लागलं. दिवसाला तीस गाड्या. साबण, ऑइल, चाकांचा चिखल. सगळं इथंच. घोटीव कोब्यावर घसरणारी माणसं. आणि दिवसभर वायपर घेऊन वाकलेल्या अक्का.

 पिशवीकडे बघायचं त्यानं टाळलं.

“अक्का,” तो म्हणाला, “कोबा चुकला. मोरीकडे ढाळ द्यायचाच राहिला. वर दुसरा थर घालावा लागेल.”

“अरे मेल्या! आरशासारखा केलाय म्हणून गावभर सांगत फिरले की मी!”

“आरसाच झालाय, अक्का. तिथंच चुकलं. दसऱ्याच्या आत देतो. माझी चूक, माझ्याच हातानं काढतो.”

अक्कांनी वस्तादांकडे बघितलं. वस्तादांनी पाण्यातून पाय काढले, चपला घातल्या, सायकल घेतली. पिशवी हँडललाच होती. ते गेले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच लिंबाजी छिन्नी-हातोडा घेऊन कोब्यावर गुडघे टेकून बसला. नवा थर धरायला हवा म्हणून त्या आरशावर तो टाचे मारत सुटला. मोरीपासून मागं मागं, ओळीनं. शेजारी, नव्या थरावर पाय घसरू नयेत म्हणून रेघा ओढायला, खराटा आणून ठेवला होता, आणि भरलेला तांब्या. हात झिणझिणत होते, तोंडावर सिमेंटची धूळ होती. पण रात्रभर डोक्यात पाणी वाहत होतं, ते कधी एकदा खाली उतरवतो असं त्याला झालं होतं.

सायकल वाजली. कासम वस्ताद आत आले. त्यांनी टाच्यांवरून बोट फिरवलं. मग हँडलची पिशवी काढून नळाच्या तोटीला अडकवली आणि सायकल परत वळवली.

पिशवी तिथंच राहिली. ओळंब्यासारखी, वजनानं सरळ लोंबत.

लिंबाजी हातोडा टाकून धावला. “वस्ताद! ढाळ किती देऊ? फुटाला दोन सूत पुरे होतील?”

वस्तादांनी मागं न बघताच पायडल मारलं.

“मला कशाला विचारतोस? मी थोडाच वाहणार आहे!”