पाण्यावरचा पहारेकरी

“...मग चूक कोणाची म्हणायची, बुवा? यंत्राचीच ना?”

टेकडीवरच्या मठात सोमपुरी बुवा घोंगडीवर बसले होते. त्यांनी पाण्याचा तांब्या ऋजुतापुढे सरकवला. पाणी उकळून गार केलेलं होतं. शहरात आता सगळेच उकळून पितात.

ऋजुताने तांब्या तसाच बाजूला ठेवला.

शहराच्या पाणीपुरवठ्याचे संगणक सांभाळणारी ही बाई. कोणी परका आत शिरून पाण्याशी खेळ करू नये, म्हणून तिने कृत्रिम बुद्धिमत्तेचं, शिकत जाणारं एक यंत्र पहाऱ्याला बसवलं होतं. आपल्या हुशारीचा तोरा तिला लहानपणापासूनच. तिचे गुरू असलेल्या बुवांनीही तो कौतुकानं पोसलेला, तेव्हा तक्रार कोणाकडे करायची?

गेल्या महिन्यात कोणीतरी एका कर्मचाऱ्याच्या नावाने आत शिरलं आणि पाण्यातलं क्लोरीन बंद केलं. पंपावरच्या लोकांनी हाताने पाणी तपासणं केव्हाच सोडलं होतं. यंत्र होतं ना. मग गॅस्ट्रोची साथ आली आणि तीन माणसं दगावली.

त्यांतली एक अनसूयामावशी, मठात स्वयंपाक करणारी. ऋजुता शाळेत असताना बुवांकडे शिकायला यायची, तेव्हा मावशीने तिला जेवल्याशिवाय कधी टेकडी उतरू दिली नव्हती.

उद्या तिला चौकशी समितीपुढे बोलायचं होतं. ‘यंत्र चुकलं’ म्हटलं, की सगळे माना डोलावणार होते. यंत्राच्या माथी खापर फोडलं की माणसं सुटतात. बुवांनी फक्त एकदा ‘हो’ म्हणावं, एवढ्यासाठी ती आली होती.

“त्याला दिसलं नाही का?” बुवांनी विचारलं.

“दिसलं होतं.”

“मग?”

“बोललं नाही.”

“का...?”

ऋजुताने नजर वळवली. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, हे तिलाही कळत होतं. पण जीभ रेटेना.

बुवा घोंगडीवरून उठले. गुडघ्यांवर हात टेकत, कण्हत उठले आणि तिला म्हणाले, “यंत्राचं, म्हणजे तुझ्या शिष्याचंच गाऱ्हाणं घेऊन आलीस ना? मग गुरूच्या जागेवर बसून सांग.”

“बुवा, मी तिथे कशी...”

“बस.”

ती अंग चोरून बसली. बुवा तिच्यासमोर फरशीवर बसले, हात जोडून.

“यंत्राने...” तिने सुरुवात केली, आणि थांबली. समोरचा म्हातारा शिष्यासारखा तिच्या तोंडाकडे बघत होता. ते वाक्य काही पुढे जाईना.

मग तिने अडखळत सगळं सांगितलं. सुरुवातीला यंत्र बारीकसारीक गोष्टीलाही इशारा द्यायचं. इशारा खरा की निष्कारण, हे तिने पाहून सांगायचं, आणि त्यावरून त्याने शिकायचं. नव्याचे नऊ दिवस तिने डोळ्यांत तेल घालून पाहिलं. मग कंटाळली. पुढे पुढे तर न वाचताच ‘निष्कारण’ म्हणून मोकळी होऊ लागली. हळूहळू यंत्र शांत होत गेलं. त्या शांततेबद्दल तिचा शाल-श्रीफळ देऊन सत्कारही झाला होता.

“परका माणूस शिरतोय, असे इशारे त्याने आधीही दिले होते,” ती म्हणाली. “मी ते न वाचताच निष्कारण ठरवले. म्हणून या वेळी ते बोललं नाही...” तिने स्वयंपाकघराकडे पाहिलं. “मावशी गेली, बुवा.”

“हो,” बुवा म्हणाले. “गेली.”

आत चूल थंड पडली होती. ऋजुताला फार वाईट वाटत होतं, आणि त्या वाईट वाटण्याचा आता कोणालाच उपयोग नव्हता.

“उद्या हे असंच सांगेन,” ती शेवटी म्हणाली. “पण सगळे म्हणतात, असलं नालायक यंत्र काढून टाका. तुम्ही काय म्हणता?”

बुवांनी उपरण्याने डोळे पुसले.

“नालायक...? अगं, तू गप्प बसायला शिकवलंस, ते गप्प बसलं. इतका आज्ञाधारक शिष्य मला उभ्या जन्मात लाभला नाही. देवानं सांभाळलं मला.”