शाल कुठे पिळली

एकदा एका शिष्याने करवंट्यांच्या कोळशापासून बारीक छिद्रांचे दाणे घडवले. भट्टीचा धूर त्यांतून सोडला की त्यातला हवा बिघडवणारा कर्बवायू छिद्रांच्या भिंतींना चिकटून बसे. दाणे भरले की तापवायचे. वायू सुटतो आणि दाणे पुन्हा कामाला येतात. उमेदीची सारी वर्षे त्याने यात घातली होती. एका व्यापाऱ्याने ते आपल्या चुनाभट्टीच्या धुराड्यात बसवले, दारावर ‘निर्मळ भट्टी’ अशी पाटी लावली आणि शिष्याचा सत्कार ठरवला.

सत्काराच्या सकाळी शिष्य सहज भट्टीमागे गेला आणि बघतच राहिला. भरलेले दाणे उघड्या कढईत तापत होते. धुराड्यात पकडलेला सगळा वायू परसातून मोकळा!

"अहो, हे काय चालवलंय?"

"दाणे ताजे करतोय. तापवायला तुम्हीच सांगितलंत ना?" व्यापारी हसला. "आणि इकडे मागे कोण बघायला येतंय?"

शिष्य तणतणत गुरूंकडे आला. घडलेले सगळे सांगून म्हणाला, "माझ्या नावावर हा लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकतोय! मी सत्कार घेणार नाही."

"चल, जाऊ या," एवढेच गुरू म्हणाले. शिष्याला त्यांचाही राग आला.

व्यापाऱ्याने भरसभेत शिष्याच्या खांद्यावर शाल घातली. तोच गुरूंनी पाण्याचा तांब्या फरशीवर कलंडवला, शिष्याची शाल ओढून पाणी टिपले, फरशी लख्ख केली आणि शांतपणे मागे जाऊन ती व्यापाऱ्याच्या गादीवर पिळली.

"गुरुजी! गादी भिजवलीत माझी!"

"समोरची फरशी कोरडी झाली ना? मागे कोण बघायला येतंय?"

गुरूंचा आवाज चढला. "कपडा पाणी गिळत नाही, नुसतं धरून ठेवतो. दाण्यांचंही तेच. पुढे धरायचं आणि मागे सोडायचं, ही शुद्ध लबाडी आहे. आभाळाला काय पुढचं-मागचं दार असतं?" मग ते शिष्याकडे वळले. "आणि तू रे? तापवायला शिकवलंस. सुटलेला वायू कुठे ठेवायचा, ते सांगितलंस? न सांगताच सत्काराचं आमंत्रण घेतलंस!"

शिष्याची मान खाली गेली. राग उतरला नव्हता, पण त्यातला अर्धा आता स्वतःवर होता. तो उठला, दारावरची पाटी त्याने स्वतः उतरवली.

"कढईला झाकण, झाकणाला नळी आणि नळीला बंद टाकी," तो व्यापाऱ्याला म्हणाला. "ते मी बसवून देईन. तोवर पाटी माझ्याकडे राहील. शालही तेव्हाच द्या."

निर्मळपणाची पाटी दिसली की दारातूनच हात जोडून परतू नये. एकदा परसात डोकावून यावे.