शाली, पंडित आणि बाईंचा प्रश्न

ही गोष्ट माझ्याइतकी खरी कुणीच सांगू शकत नाही. अर्धी मी ऐकली आहे, अर्धी रचली आहे, आणि कुठली अर्धी कुठली हे आता मलाही आठवत नाही.

फार जुन्या काळी, तुमच्या खापरपणजोबांनाही दात आले नव्हते तेव्हा, एका राजाला काळजी लागली. शाळा गावोगाव, तरी पोरं शिकत का नाहीत? शोध घेणारी माणसं मोजकीच, म्हणून वर्षाला एकाच प्रश्नाचा छडा लागायचा. कुठला प्रश्न आधी, हे ठरवायला राजाने सभा बोलावली. वर दवंडीही पिटवली, की ज्या शाळेतल्या पोरांना सुगीपर्यंत वाचता येणार नाही, तिला कुलूप.

सभेला पंडित आले. आधी पोटं आली, मागून पंडित. एक म्हणाला, पोराने पूर्वेकडे तोंड करून बसावं की उत्तरेकडे, हे आधी शोधा. दुसऱ्याला मास्तरांच्या पगडीचा घेर मोजायचा होता. तिसऱ्याला छडी चिंचेची बरी की निरगुडीची, याचा ध्यास. दोन्ही माझ्या पाठीला ठाऊक आहेत, पण मला कोण विचारतो!

मागे एका पाड्यावरच्या शाळेतल्या बाई उभ्या होत्या.

"महाराज," त्या म्हणाल्या, "माझी पोरं मुळाक्षरं घडाघडा म्हणतात, पण फाट्यावरची पाटी त्यांना वाचता येत नाही. गूळ आणायला बाजारात धाडलं की मसणवट्यात पोचतात. असं का होतं, मला कळत नाही. नाही कळलं, तर माझी शाळा जाईल."

पंडित खो खो हसले. जिला स्वतःलाच कळत नाही, ती सभेत कशाला आली, म्हणाले.

राणी मात्र गालातल्या गालात हसली. म्हणाली, "आपल्या प्रश्नाचं उत्तर ज्यांना आधीच ठाऊक आहे, त्यांनी हात वर करा. प्रत्येकाला शाल."

सटासट हात वर. भर उन्हाळ्यात पंडित शाली पांघरून घामाघूम बसले. बाईंचा हात तेवढा खाली.

"छान," राणी म्हणाली. "तुमची उत्तरं तयार आहेत, मग शोध कशाचा घ्यायचा? उरला बाईंचा प्रश्न. चला पाड्यावर."

पंडित गेले, सारवलेल्या जमिनीवर पोरांमध्ये बसले. भिंतीवर अक्षरं ओळीने लिहिलेली. उकडलं म्हणून एकाने शाल खुंटीला टांगली, तशी वरची ओळ झाकली गेली. बाईंनी खालच्या एका अक्षरावर बोट ठेवलं, तर पोरं शालीकडे बघत पहिल्यापासून पुटपुटू लागली. चाल तोंडपाठ होती, अक्षराची ओळखच नव्हती.

बाईंनी आनंदाने टाळी वाजवली. त्या दिवसापासून अक्षरं उलटीसुलटी मांडून खेळ सुरू झाला. सुगीला पाड्यावर गूळ वेळेवर पोचला, कुलूप राजवाड्यातच राहिलं, आणि राजा स्वतः गूळपोळी खायला आला.

चौथी पोळी संपवून तो म्हणाला, "अडलेल्याला हवं असलेलं आणि शहाण्यांना ठाऊक नसलेलं उत्तर आधी शोधावं. मला तर हे पहिल्यापासूनच ठाऊक होतं."

बाईंनी पोळीवर तूप वाढलं.

"मग महाराज, तुमच्यासाठीही एक शाल मागवू का?"