ठकूची हाक

फार फार वर्षांपूर्वी, नदीवर पूल नव्हता तेव्हा, आपल्या गावात ठकू भोईण राहायची. नवरा शिदू होडी वल्हवायचा आणि ही काठावरून उतारूंना हाका मारायची. हाक अशी खणखणीत, की पलीकडच्या काठावर चरणारी गुरंसुद्धा माना वर करायची, असं म्हणतात.

एकदा नदी फुगली होती. फौजदाराला आपला घोडा आधी पार न्यायचा होता, पण शिदूनं बाळंतपणात अडलेल्या एका बाईला आधी नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शिपाई आले आणि शिदूला ठाण्यात घेऊन गेले.

ठकू मागोमाग धावली. फौजदार खुर्चीतून उठलासुद्धा नाही.

"कोण शिदू? इथं कुणालाही आणलेलं नाही. चल, नीघ."

ज्याला आणलंच नाही, त्याचं आत काहीही करता येतं, हे ठकूला कळलं. ती फाटकाबाहेर उभी राहिली आणि तिनं हाक मारली, "शिदूऽऽ!"

आतून ओ आली.

मग ती हाका मारतच राहिली. दुपारपर्यंत ओ येत होती, पण दर वेळी बारीक होत होती. गाव दारं लावून ऐकत होतं. भीती कुणाला नव्हती? उन्हं कलली आणि ओ आलीच नाही. ठकूचा आवाज फाटला, तरी ती थांबेना. तेव्हा शिदूनं पार नेलेल्या त्या बाईची सासू दार उघडून बाहेर आली.

"तू जरा दम खा, पोरी. आता म्या हाक मारते."

मग दुसरं दार उघडलं, तिसरं उघडलं. पलीकडचा काठही शिदूच्या नावानं ओरडू लागला. ठाण्याची कौलं थरथरली, नदी घटकाभर उलटी वाहिली आणि कोठडीचं कुलूप गळून पडलं, असं म्हणतात. मला विचाराल, तर कुलूप घाबरलेल्या शिपायानंच काढलं असणार. शिदू जिवंत बाहेर आला. उजवा हात मात्र कायमचा गेला.

पुढं वरच्या साहेबासमोर फौजदार म्हणाला, "हा माणूस माझ्याकडे नव्हताच." तेव्हा दोन्ही काठांची माणसं एकेक करून पुढं आली.

"म्या ओ ऐकली, सायेब."

"म्या बी ऐकली."

फौजदाराची वर्दी तिथंच उतरली.

आजही आपल्याकडे कुणाला ठाण्यात नेलं, की माणसं कामं टाकून फाटकाशी जमतात आणि आळीपाळीनं त्याच्या नावानं हाक मारतात. आतून ओ येते. ती जरा जरी बारीक आली, तरी सगळे एक पाऊल पुढं सरकतात.