झारा आणि गिरमिट

फार मागे, तळी दगडासारखी गोठतात अशा उत्तरेकडच्या मुलखात सरूमावशी पाणमांजर आणि दणकोबा अस्वल मिळून मासेमारी करत. दणकोबा गिरमिटाने बर्फाला भोक पाडी. मावशी त्यात गळ सोडी आणि भोकात धरणारा बर्फ घरच्या झाऱ्याने काढत बसे.

त्या दिवशी दुपार झाली तरी एक मासा लागेना. वस्तीवर पोरं उपाशी होती.

"मावशी, इथे काही दम नाही. नवं भोक पाडतो," दणकोबा वैतागला.

"अरे, तुझ्या धडधडीनेच मासे बुजतात. इथला वॉलआय मासा दिवस कलल्यावर येतो. गप बस जरा."

दणकोबा कसला ऐकतो! त्याने तळंभर भोकं पाडली, प्रत्येकात गळ सोडला आणि पुढे गेला. मागची भोकं गोठत राहिली. संध्याकाळी एका दोरीला हिसका बसला, पण दोरी बर्फात घट्ट रुतलेली. ओढताच तुटली. दणकोबा मटकन खाली बसला.

तोच मावशी ओरडली, "धाव रे, मला ओढून नेतोय!"

पहिलं भोक अजून सताड उघडं होतं. आत काचेसारखे दोन डोळे चमकत होते. दणकोबाने मावशीची कंबर धरली, मावशीने दोरी, आणि मावशीएवढा वॉलआय धपकन बर्फावर आला! मग दुसरा, मग तिसरा. बघता बघता टोपली शिगोशीग भरली.

वस्तीवर पोरांनी एकच गलका केला. "दणकोबा, एवढे मासे कशाने धरलेत?"

दणकोबाने गिरमिट हळूच पाठीमागे लपवलं आणि झारा निशाणासारखा उंच धरला.