घोरपडीला धूर

ही गोष्ट जशी ऐकली तशीच आठवते, की मध्येच दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या, हे आता खात्रीने सांगवत नाही. डोंगरमाथ्यावर मेंढपाळांची एक वस्ती होती आणि तिच्या कारभाऱ्याचं नाव बिरू होतं, एवढं मात्र पक्कं.

वस्तीची एक रीत होती. देवळामागच्या कातळाखाली एक घोरपड राहायची. थंडी पडली की ती बिळात शिरायची. आपल्या पायांनी बाहेर येऊन ती कातळावर ऊन खात पडली, की थंडी सरली असं समजायचं. मग मेंढ्या धुवायच्या, लोकर कातरायची आणि कळप घेऊन खाली नदीकाठच्या कुरणात उतरायचं. त्याआधी कुणी कातरीला हात लावत नसे.

त्या वर्षी माघ सरत आला तरी घोरपड बाहेर येईना. डोंगरावरचं गवत संपलं. मेंढ्या काटक्या चघळू लागल्या. अशात बातमी आली, की पलीकडची वस्ती खाली उतरायला निघाली आहे. ते आधी पोचले तर कुरणात काडी उरणार नाही. कळप उपाशी मेला तर लोक जाब कुणाला विचारणार? बिरूलाच.

एका सकाळी, कुणी पाहत नाही असं बघून, त्याने बिळाच्या तोंडाशी ओला पाला पेटवला आणि घोंगडीने धूर आत लोटला. थोड्या वेळाने घोरपड अडखळत बाहेर आली. बिरूने राख पायाने उडवली आणि तो ओरडत सुटला, "आली! घोरपड आली!"

लोक धावले. बिरूची म्हातारी आई, मायाक्का, कातळाशी वाकली.

"ऊन खायला आली म्हणतोस, पण ऊन कुठं हाय? आन् हिच्या अंगाला धुराचा वास येतोय रं."

"आये, काल चुलीवर कालवण करपलं ते तुला कळलं न्हाई. आज बरं नाक आलं!"

लोक हसले. बिरूही हसला.

मेंढ्या धुतल्या. कातरी चालू लागल्या. विचार करायला सवड नको म्हणून बिरू भराभर कातरत होता. तरी नजर कातळाकडे जायचीच. घोरपड जागची हलली नव्हती.

दुपार कलली आणि वारा फिरला. उघड्या झालेल्या मेंढ्या कुडकुडत एकमेकींत घुसू लागल्या. अजून निम्मा कळप कातरायचा होता.

"कारभारी, थांबायचं का?" कुणीतरी विचारलं.

'थांबा' म्हटलं, तर 'का?' असा प्रश्न येणार. त्या एका प्रश्नाची बिरूला वाऱ्याहून जास्त भीती वाटली.

"कातरा," तो म्हणाला.

पहाटे उरलंसुरलं गवत पांढरं झालं होतं. मेंढवाड्यात मेंढ्या ताठ होऊन पडल्या होत्या आणि कोकरं अजून त्यांच्या आचळांना ढुशा देत होती. बिरू कातळापाशी गेला. घोरपड काल होती तिथेच होती. तिच्या पाठीवर दहिवर गोठलं होतं.

मायाक्का मागून आली. "परत बिळात का जाऊ दिलं न्हाईस हिला?"

"मी कुठं अडवलं, आये? वाट मोकळीच हुती."

"मग का गेली न्हाई?"



त्यानंतर दर वर्षी वस्ती कातरी घेऊन रिकाम्या कातळाकडे बघत बसायची. थंडी सरली, असं पहिल्यांदा म्हणायचं धाडस कुणाला होत नसे.

वाट मोकळी असून घोरपड का गेली नाही, हे गोष्ट सांगणाऱ्यालाही बरीच वर्षं उमगलं नव्हतं. पुढे पुस्तकं पाहिली, जाणकारांना विचारलं, तेव्हा खात्री झाली. घोरपडीच्या अंगात आपली ऊब नसते, ती बाहेरून घ्यावी लागते. गारठली की तिला पाऊल उचलता येत नाही.

तात्पर्य: भीतीपोटी साक्षीदाराकडून आपल्याला हवं तेच वदवून घेतलं, तर साक्षही जाते आणि साक्षीदारही.