जन्मभराची हमी

त्या राज्यात फासवेल रोज हातभर वाढत असे, म्हणून तिथल्या प्रत्येक प्राण्याकडे पाते मिटून मुठीत बसणारा एक चाकू होता. वेल तळ्याच्या तळातून उगवे. पोहणाऱ्याला ती सहसा धरत नसे, पण जो एका जागी थांबला त्याच्या पायाला हळूच विळखा घाली. हिसका दिला की आणखी आवळे आणि खाली ओढू लागे. अंग शांत ठेवून खाली वाकायचे, पाते विळख्याखाली सरकवायचे आणि कापायचे, एवढाच उपाय होता. तिथली पिल्ले पोहण्याआधी चाकू उघडायला शिकत.

चाकू हमीघरातून मिळत. मुठीच्या एका बाजूला धारकाचे नाव कोरलेले असे आणि दुसऱ्या बाजूला 'जन्मभर' हा शब्द. चाकूत काहीही बिघडले तर हमीघर तो विनातक्रार दुरुस्त करून देई. मुठीचा खिळा मात्र धारकाने स्वतः उघडायचा नाही, उघडला की हमी गेली. ही अट इतक्या पिढ्या पाळली गेली होती की मुठीच्या आत काय असते हे कोणाही धारकाला ठाऊक उरले नव्हते.

तळ्याच्या पूर्वेकडच्या डोहात डोही आणि लव्ही या दोघी पाणमांजर बहिणी वेल कापायचे काम करीत. डोही थोरली, अंगाने दणकट आणि बोलायला तुटक. लव्ही बारीक चणीची होती. कुठलीही गोष्ट तीनदा तपासल्याशिवाय तिचे समाधान होत नसे, आणि डोही त्यावरून तिला सारखी चिडवी.

एका सकाळी लव्ही म्हणाली, "ताई, माझ्या चाकूचा खटका सैल झालाय. पातं उघडून दाबलं की धरत नाही, हातावर मिटतं."

"मग हमीघरात दे."

लव्हीने दिला. दहा दिवसांनी तो परत आला. सोबत चिठ्ठी होती: 'तपासले. दोष आढळला नाही.' लव्हीने लाकडाच्या ढलपीवर पाते दाबून पाहिले. ते मिटले. तिने पुन्हा दिला. या वेळी मूठ आरशासारखी चकचकीत होऊन आली, आणि खटका होता तसाच. तिसऱ्या खेपेला तर मुठीवरचे तिचे नावही घासून पुसट झाले होते. लव्हीने मूठ उजेडात तिरपी धरून ते वाचायचा प्रयत्न केला.

"ताई, मी चौथ्यांदा देऊ?"

डोहीला त्या दिवशी कामाची घाई होती. पिल्लांच्या घाटाजवळ वेल माजली होती. "हमीघरातून तपासून आलाय ना? मग चांगलाच असणार. किती शंका काढशील! चल, उतर पाण्यात."

लव्ही उतरली. घाटाच्या पायरीखाली एक जाड बुंधा कापायला ती थांबली आणि मागून आलेल्या वेलीने तिची कंबर धरली. डोही पलीकडच्या टोकाला होती. पाणी घुसळलेले दिसताच ती जीव खाऊन पोहत आली आणि आपल्या चाकूने एकेक विळखा कापत खाली गेली. बहिणीला वर आणले तेव्हा फार उशीर झाला होता. लव्हीची मूठ घट्ट वळलेली होती. चाकूचे पाते मिटलेले होते आणि तिची दोन बोटे त्याच्या आत होती.

चौथ्या खेपेला तो चाकू हमीघरात डोही घेऊन गेली.

हमीघराचा प्रमुख धवलराव नावाचा बगळा होता. पांढरा, उंच, मान वळवून ऐकणारा. कोणाशीही तो आवाज चढवून बोलल्याचे कोणी ऐकले नव्हते. त्याने डोहीची हकीकत शेवटपर्यंत ऐकली, दोनदा डोळे मिटले आणि म्हणाला, "फार वाईट झालं, बाई. आम्हाला मनापासून दुःख आहे."

"तीनदा दिला होता, रावसाहेब. तीनदा."

"आणि तिन्ही वेळा आम्ही तो वेळेत परत केला. नोंद आहे."

"यावर जन्मभराची हमी आहे. कोणाच्या जन्माची?"

"धारकाच्या," धवलराव हळुवारपणे म्हणाला. "धारकाचा जन्म संपेपर्यंत आमची हमी चालू होती. आम्ही शब्द मोडलेला नाही. आता चाकू तेवढा जमा करावा लागेल."

त्याने चोच पुढे करून चाकू उचलला आणि मागच्या टोपलीत टाकला.  रडू येईल असे डोहीला वाटले होते, पण आले नाही.  ती वळली आणि इमारतीला वळसा घालून मागच्या दाराशी गेली. तिथे चाकू पुसायला कोणीतरी हवे होते. नाव विचारले गेले नाही. ती कामाला लागली.

आतली खोली लांबट होती. आठ पुसणारे ओळीने बसत आणि भिंतीशी घासायची एक सहाण चाकासारखी फिरत असे. आलेला प्रत्येक चाकू सहाणेला लागे, चकचकीत होई आणि चिठ्ठी बांधून परत जाई. खटक्याला कोणी हात लावत नसे. डोहीने आठवडाभर पाहिले. मग सहाण फिरवणाऱ्या म्हाताऱ्या खवले मांजराला विचारले.

"खवलोबा, इथं दुरुस्ती कोण करतं?"

"मी करायचो," खवलोबा म्हणाला. "एका चाकूला एक दिवस लागतो. खिळा काढायचा, खटक्याची पट्टी तापवून वाकवायची, पुन्हा बसवायची. घासायला मात्र दोन क्षण पुरतात. रावसाहेबांनी एकदा येऊन विचारलं, दिवसात किती चाकू परत जातात? त्यानंतर माझ्या हातात सहाण आली."

"तुम्ही गप्प बसलात?"

"बसलो," तो म्हणाला आणि सहाण फिरवू लागला.

दुपारी धवलराव तळ्यावर मासे टिपायला जाई. तेवढ्या वेळात खवलोबा तिला खिळा काढायला शिकवू लागला. पहिल्या दिवशी त्याने तिच्या तोंडाकडे निरखून पाहिले. "पोरी, तुला दुरुस्ती शिकायचीय की कोणाला तरी बुडवायचंय?"

"दोन्ही."

"दोन्ही एका हातानं होत नाही."

"बघू," डोही म्हणाली.

टोपलीच्या तळातून तिने लव्हीचा चाकू काढून घेतला होता. त्याच चाकूवर ती शिकली. पट्टी चार वेळा मोडली, पाचव्यांदा नीट बसली. पाते उघडले की आता टक् असा स्पष्ट आवाज येई आणि कितीही दाबले तरी ते हलत नसे. या कामाला एक पूर्ण वर्ष गेले. तेवढ्या काळात तळ्यात आणखी सहा जण बुडाले, आणि त्या सहांचेही चाकू टोपलीत आले, चकचकीत, मिटलेले. प्रत्येक चाकू आला की डोही तो पुसे आणि लव्हीशेजारी मनात एक नाव जोडून ठेवी. तिचा राग शमत नव्हता. तो नुसता थंड होत चालला होता, आणि थंड राग तिला जपून ठेवायला सोपा वाटे.

दुसऱ्या वर्षी, काम संपल्यावर, ती घरोघरी जाऊ लागली. ती कोणालाही हमीघराविरुद्ध बोलली नाही. ससाणीकडे गेली, कासवाकडे गेली, उंदरांच्या वसाहतीत गेली आणि सगळीकडे एकच म्हणाली, "तुमचा चाकू उघडा आणि लाकडावर जोरानं दाबा."

दाबला की पाते मिटे. बघणाऱ्याचे तोंड उतरे.

"आता?" ते विचारत.

"आता दुरुस्तीला द्या. हमी आहे ना? सगळ्यांनी एकाच दिवशी द्या, म्हणजे त्यांनाही कळेल. आणि चाकू परत येईपर्यंत कोणी पाण्यात उतरू नका. पिल्लांनाही सोडू नका."

पाण्यात न उतरण्याची गोष्ट तिने राज्यातल्या प्रत्येकाला सांगितली. फक्त एकाला सांगितली नाही.

ठरल्या सकाळी हमीघरापुढे रांग लागली ती पार टेकडीपर्यंत. धवलराव आधी चपापला, मग सुखावला. आपल्या कारकिर्दीत एवढा विश्वास कोणी दाखवला नव्हता, असे तो शेजारच्यांना म्हणाला. एकेक चाकू घेऊन त्याने एकेक पांढरी चिठ्ठी दिली: 'चाकू दुरुस्तीसाठी जमा. यथावकाश परत मिळेल.' त्याच्या मासे टिपायच्या जागेभोवतीची कोवळी वेल दोन बदके रोज पहाटे कापून ठेवीत. तीही रांगेत होती. त्याने त्यांचे चाकू घेतले, चिठ्ठ्यांवर पंजा उमटवला आणि मान वर न करता म्हणाला, "पुढचे."

पहिला दिवस त्याचा रांगेतच गेला. दुसरा आणि तिसरा चाकू रचण्यात गेला, कारण कोठारात जागा पुरेना. चौथ्या दिवशी दुपारी त्याला कडकडून भूक लागली आणि तो नेहमीच्या जागी जाऊन एका पायावर उभा राहिला. मासा जवळ यावा म्हणून बगळा जितका निश्चल उभा राहतो, तितके त्या राज्यात दुसरे कोणी उभे राहत नसे. मासा आला. त्याने चोच मारली आणि पंख पसरले, तेव्हा पाय वर आला नाही.

त्याने हिसका दिला. वेलीने गुडघा धरला. त्याने पंख फडफडवले. वेलीने त्याला वीतभर खाली घेतले.

त्याची हाक ऐकून सगळे काठावर जमले. जन्मात पहिल्यांदा धवलरावाचा आवाज चढला होता. "कापा! बघताय काय? चाकू काढा!"

ससाणीने पंखाखाली चोच घातली आणि चिठ्ठी काढली. कासवाने काढली. दोन्ही बदकांनी काढली. उंदरांनी, खारींनी, भेकरांनी, सगळ्यांनी आपापल्या चिठ्ठ्या काढून त्याच्याकडे धरल्या. यात त्यांची थट्टा नव्हती. त्यांच्याजवळ दुसरे काही नव्हतेच.

"कोठारातून आणा!"

पुसणारे धावत गेले आणि टोपल्या भरभरून घेऊन आले. बदके चाकू घेऊन पाण्यात शिरली. पहिले पाते वेलीला लागले आणि मिटले. दुसरे मिटले. एका बदकाच्या पंखाला खोल कापले गेले, ते ओरडत मागे फिरले. टोपली रिकामी होत गेली. चकचकीत मुठी एकेक करून तळ्यात पडत होत्या आणि पाणी धवलरावाच्या छातीला लागले होते.

तेव्हा डोही पाण्यात उतरली. ती सावकाश, न थांबता पोहत त्याच्यापासून हातभर अंतरावर आली आणि तिने चाकू उघडला. टक् असा आवाज काठापर्यंत ऐकू गेला. असा आवाज असतो हेच बहुतेकांना माहीत नव्हते.

धवलरावाचे डोळे चमकले. "शाबास! शाबास, बाई! लवकर. आपण कोण?"

दोन वर्षे ती त्याच्या पाठीमागच्या खोलीत बसली होती.

"हा चाकू कोणाचा आहे, ते सांगा," डोही म्हणाली आणि तिने मूठ त्याच्या डोळ्यांपुढे धरली. "नाव वाचा. मग कापते."

त्याने मान वळवून पाहिले. मूठ लखलखत होती आणि तिच्यात त्याची स्वतःची चोच दिसत होती. त्याने दुसऱ्या डोळ्याने पाहिले. त्याला खरोखरच वाचायचे होते. पाणी गळ्याशी आले होते.

"इथं काही लिहिलेलं नाही," तो म्हणाला.

"होतं."

काठावरून खवलोबा ओरडला, "काप, पोरी! तुझा हात दुरुस्तीचा आहे. काप!"

डोहीने मागे वळून पाहिले नाही. सगळ्यात आधी तिला स्वतःचेच शब्द ऐकू आले, किती शंका काढशील, चल, उतर पाण्यात, आणि मग ते शब्दही थांबले.  तिने अंगठ्याने खटका दाबला, पाते मिटवले आणि चाकू मुठीत घेऊन काठाकडे पोहू लागली. मागे पाणी खूप घुसळले, मग कमी घुसळले.

खवलोबा अंगाचे वेटोळे करून बसला होता. ती जवळून गेली तरी तो उलगडला नाही.

 मग कासवाने हातातल्या चिठ्ठीकडे एकदा पाहिले आणि ती पाण्यात सोडली. ससाणीने सोडली. मागच्यांनी पुढच्यांच्या हातात दिल्या, पुढच्यांनी सोडल्या, आणि वाऱ्याने त्या आत आत नेल्या. संध्याकाळपर्यंत पिल्लांच्या घाटापासून पलीकडच्या वेतांपर्यंत सगळे तळे पांढरे झाले होते, आणि त्यातले कागद कुठले आणि पिसे कुठली, हे काठावरून कोणालाच सांगता येत नव्हते.